बिनलसणाचा बटाटा

३० जुलै, बुधवार

बाबा त्रेचाळीस किलो. गोकुळदासच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर उभे केले — दुसरा काटा हळर्णात कुठे आहे! गोकुळदास म्हणाला, "अनंता, पोत्यापेक्षा हलको झालंस रे." बाबा हसले. हसल्यासारखे. जबड्याच्या ऑपरेशननंतर अर्धंच तोंड हलतं.

डॉक्टर म्हणालेत, तेरा तारखेपर्यंत सेहेचाळीस भरले तर रेडिएशन. नाहीतर नाही. तीन किलो. मनालीत मी आठवड्यात तीन किलो वाढलो होतो, नुसते मोमो खाऊन. तिथे एक जण कुत्र्याला पाठीवर घेऊन फिरायचा — जाऊ दे.

२ ऑगस्ट, शनिवार

पेज. परत पेज. आई घोटून देते, बाबा दोन कुलेरी, दोन चमचे, घेतात आणि वाटी सरकवतात. श्रावण, म्हणून अंडं नाही, नुस्त्याची, माशाची कढी नाही, कांदा-लसूण नाही. आजारी माणसाला कसला श्रावण, म्हटलं. बाबांनी बोट वर केलं. म्हणजे — वीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला, श्रावण मोडला नाही. पाठ आहे आम्हाला.

मला काय येतं? बारावी नापास. नऊ नोकऱ्या. आणि हरमलच्या किनाऱ्यावर, टुरिस्टांच्या शॅकमध्ये शिकलेला एक घोटलेला बटाटा. बाबा म्हणायचे, गोऱ्यांचे टोप घासतो. घासत नव्हतो. शिजवत होतो. त्यांनी कधी चाखलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

केला! बटाटे सालासकट उकडले, गरम असतानाच सोलले — बोटं भाजली — पिठाच्या चाळणीतून दोनदा घासले. एक गुठळी नको. लोणी, मग कोमट क्रीम थोडं थोडं. मीठ. वरून शॅकमधून आणलेल्या बाटलीतला सुका पाला, चुरून.

बाबांनी एक कुलेर घेतली. माझ्याकडे बघितलं. दुसरी. सहा खाल्ल्या! मी मोजत होतो. सातवी तोंडात धरून बसले खूप वेळ.

तेवढ्यात आईने वाटी नाकाला लावली. "लसूण?"

लसूण मी घातलाच नव्हता. बाटली बघितली. बारीक अक्षरात, पाल्याच्या नावाखाली — लसणाची पूड. चार महिने हीच बाटली वापरली शॅकमध्ये, कधी वाचली नाही.

श्रावणी सोमवार. बाबांनी सातवी कुलेर रुमालात काढली आणि हात जोडले. देवाला की मला, कळलं नाही.

५ ऑगस्ट

काही खाल्लं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

बाटली परसात फेकली. परत केला — लोणी, क्रीम, मीठ, शेपू एकदम बारीक. लसूण नाही, कांदा नाही, आईला चाखवला. तिने मान हलवली, चांगला होता. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, श्रावण संपेपर्यंत फक्त शहाळं. तेही वाटीत तसंच राहतं.

आई चुलीकडे बघत म्हणाली, "तुझ्या हातचा काय एक नको त्यांका."

मी एवढंच करू शकत होतो. तेच नासवलं.

९ ऑगस्ट

समीक्षाताईचा डिचोलीहून फोन. ओरडली असती तर बरं. हळू आवाजात विचारलं, बाटलीवर लिहिलेलं वाचायला किती वेळ लागतो रे? बरोबर आहे. माझ्यामुळे बाबांचा नेम मोडला आणि आता त्याचं प्रायश्चित्त घेतायत. मी मारतोय त्यांना.

११ ऑगस्ट, सोमवार

एक्केचाळीस. गोकुळदास काट्यावर हात ठेवून उभा राहिला.

पिशवी भरली. गोकर्णला जावं, कुठेही. रस्त्यापर्यंत गेलो. बस आली, थांबली, कंडक्टर म्हणाला चढ. नाही चढलो. का ते माहीत नाही. धीर म्हणून नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

हॉस्पिटल. घशात कॅमेरा घातला. डॉक्टर म्हणाले, गाठ परत आलीय, वाट जवळजवळ बंद. आठ-दहा दिवस यांना गिळताच येत नसणार, तुम्हाला सांगितलं नाही यांनी?

गाडीत मी विचारलं, मग लसणाचं निमित्त कशाला केलंत बाबा?

अर्ध्या तोंडाने त्यांनी शब्द जुळवले. आई पुढच्या सीटवर होती, तिला ऐकू जाणार नाही असं बोलले.

"श्रावण सांगितलो की कोण इचारीत नाय."