भांडी रिकामीच परत करावीत

३ ऑगस्ट
पोचलो एकदाचे! अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून दोन तास उत्तरेला, डोंगरात, कॉपर गॅप नावाचं गाव. पाटीवर लोकसंख्या २१४ लिहिली आहे, आम्हा तिघांना धरून आता २१७. यशोधनने गाडी थांबवून पाटीपाशी इशिताचा फोटो काढला. तिचा वरचा पुढचा दात परवाच पडलाय, त्यामुळे तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

अल्फारेटात बारा वर्षं वरच्यांची ट्रेडमिल आणि खालच्यांचे कुकर ऐकत काढली. इथे पोर्चमध्ये बसलं की शेजाऱ्यांचं घरही दिसत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर, माझं काम घरूनच चालतं. यशोधन आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाईल आणि तेवढे दिवस मित्राकडे राहील. इशिताला आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. दुपारभर ती जिन्यावरून खाली-वर पळत होती. माझं मराठी लिहिणं वाणसामानाच्या यादीपुरतंच उरलंय, म्हणून ही वही काढली. बोलायला माणूस नसलं तरी वही आहे.

६ ऑगस्ट
माणूस नाही म्हटलं, तर माणसांची रीघ लागली. या गावात ‘वेलकम कमिटी’ आहे. नव्या लोकांना रुळायला मदत करणं हे तिचं काम. डॉरोथी पेल म्हणून सत्तरीच्या बाई तिच्या प्रमुख. आल्या त्या पाच जणी, आणि थेट स्वयंपाकघरात. कप डावीकडे हवेत म्हणाल्या आणि हलवलेसुद्धा. माझा मसाल्याचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला, तिथे ऊन येत नाही म्हणे. रोज दोनदा लागणारी वस्तू मी स्टुलावर चढून काढायची का? पण मी हसले. राग आला की मी हसते, हा माझा जुना दोष.

सोबत पीच कॉब्लर नावाचं भाजलेलं गोड होतं, निळ्या काठाच्या पांढऱ्या भांड्यात. तेही हातात दिलं नाही. पायरीवर ठेवलं, चार पावलं मागे सरकल्या आणि मला उचलून घ्यायला सांगितलं. आणलंय तर नीट हातात द्यावं ना.

शिवाय एक जाडजूड फाइल. कचऱ्याचा दिवस, विहिरीचा पंप, कुठलं कुत्रं चावतं, सगळं त्यात आहे. एक पान भांड्यांबद्दल. आमचं भांडं रिकामंच परत करावं. भांड्याबरोबर काहीही येऊ देऊ नये. भांड्याबरोबर जे येतं ते ज्याच्याकडे येतं त्याचं होतं. मी यशोधनला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, चला, एक काम कमी झालं.

९ ऑगस्ट
मला काही रिकामं भांडं नेणं जमलं नाही. आईने हाताला वळणच तसं लावलंय. शेजारचं भांडं परत जाताना त्यात निदान चमचाभर साखर तरी असायची. सकाळी भरपूर तूप, बेदाणे, केशर घालून शिरा केला आणि डॉरोथीबाईंकडे नेऊन दिला.

त्यांनी झाकण उचललं आणि बघतच राहिल्या. मग विचारलं, हे तू देते आहेस, तुला नक्की द्यायचंय? मी हो म्हटलं. पुन्हा तेच. असं तीनदा. जणू मी घर लिहून देत होते! शेवटी त्यांनी भांडं घेतलं, छान हसल्या आणि दार लावलं. आत या म्हणायचीही पद्धत नाही.

१७ ऑगस्ट
कमिटीने जीव नकोसा केलाय. परवा येऊन पडदे बदलले. काल इशिताची शाळेच्या बसमधली जागा मला न विचारता बदलून घेतली, का तर ती हवेशीर बाजूला बसेल. मी यशोधनपाशी चिडचिड केली तर तो म्हणतो, ‘अगं, हेल्प करतायत यार, चिल कर ना.’ तीन दिवस बाहेर राहणाऱ्याला चिल करायला काय जातं?

आज वही चाळताना नऊ तारखेच्या पानावर ‘शिरा’ हा शब्द दिसला. काय असतं ते आठवेना. नेटवर चित्र पाहिलं. पिवळं, रवाळ काहीतरी. मी असलं कधी केल्याचं आठवत नाही. यशोधनला विचारलं, त्यानेही आमच्या घरी कधी खाल्लेलं नाही. पण लिहिलंय मीच, आणि तूपबीप घालून. झोप पुरत नाहीये बहुतेक.

२४ ऑगस्ट
दुसऱ्यांदा भांडं आलं होतं, भोपळ्याचं काहीतरी घेऊन. परत देताना घरात गोड काही नव्हतं, म्हणून आईने नागपूरहून पाठवलेलं लिंबाचं लोणचं वाटीभर घातलं. पुन्हा तेच, नक्की देतेस का, नक्की देतेस का. मी इतकी वैतागले की पुढे बोलूच दिलं नाही. लोणचंच आहे, घ्या म्हटलं.

३१ ऑगस्ट
चर्चच्या मैदानात गावजेवण होतं. लांबलचक टेबलावर प्रत्येकाने करून आणलेलं. डॉरोथीबाईंनी पिवळं, रवाळ, बेदाणे घातलेलं काहीतरी आणलं होतं. आमच्या घरात तीन पिढ्या हे होतं, असं सगळ्यांना सांगत होत्या. मी एक घास घेतला आणि ढसाढसा रडायला लागले. कशासाठी, मलाच कळेना. इशिता लाजून लाल झाली. ‘आई, यू आर सो एक्स्ट्रा,’ म्हणाली आणि लगेच माझा हात धरून बसली.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल केला. आणखी लोणचं पाठव म्हणाले, कारण वहीत लिहिलं होतं. आई हसली. म्हणाली, ‘मी कधी घातलंय गं लोणचं? आपल्याकडे विकतचंच असतं.’ माझ्या आईचं लोणचं गल्लीभर जायचं. जायचं ना? मला तिच्या बरण्या आठवत नाहीत. नुसतं वाटतंय की होत्या.

३ सप्टेंबर
माझ्या कामात एकदा झालं तर योगायोग म्हणतात, तेच करून दोनदा झालं तर तो बग असतो. सरळ डॉरोथीबाईंकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही, याचाच जास्त राग आला. म्हणाल्या, लहान गाव आहे, तरुण निघून जातात, नवे लोक जे आणतात त्यावर गाव तगतं. दिलेलं पूर्ण आमचं होतं, तुमच्याकडे त्याची आठवणही उरत नाही. म्हणून तर फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि तीन-तीनदा विचारतो. जबरदस्ती कुणावरच नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, पुढच्या वेळी रिकामं पाठव, संपलं.

यशोधनला सांगितलं. त्याने माझं कपाळ चेपून दिलं आणि अल्फारेटातल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

१० सप्टेंबर
तिसरं भांडं आलं होतं. यावेळी मी शहाणी झाले. घासलं, पुसलं, आत तांदळाचा दाणा चिकटलेला नाही ना तेही पाहिलं. चक्क रिकामं.

पण रिकामं भांडं घेऊन त्यांच्या दारात उभं राहायची मला लाज वाटली. इतकं सगळं कळूनही लाजच वाटली! त्यात चारचा ऑफिसचा कॉल. इशिता शाळेतून आलीच होती. लहानपणी आई मला पाठवायची तसंच मी तिला म्हटलं, जा, डॉरोथी काकूंना एवढं देऊन ये.

सहा वाजलेत. अजून आली नाही. मी फाइल काढून ते पान पुन्हा वाचलं. भांड्याबरोबर काहीही येऊ देऊ

११ सप्टेंबर
काल धावत गेले. डॉरोथी दारातच होत्या. डोळे भरून आले होते त्यांचे! म्हणाल्या, मुलीला तीनदा विचारलं, तुझ्या आईने पाठवलंय ना? ती तीनदा हो म्हणाली. मी किंचाळले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि निघताना पुन्हा कॉब्लर द्यायला लागल्या. मी मुलगी मागत होते आणि ही बाई मला कॉब्लर देत होती.

यशोधनला फोन केला. त्याने विचारलं, इशिता कोण?

१२ सप्टेंबर
पोलिसांनी विचारलं, मुलीचा फोटो दाखवा. फोनमध्ये गावाच्या पाटीचा फोटो आहे. नुसती पाटी. शाळेत तिचं नाव नाही. तिच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि खोकी. यशोधन रजा घेऊन आलाय, माझ्याशी हळू आवाजात बोलतो. बारा वर्षांत त्याने मला ‘शोना’ म्हटलं नव्हतं, आता म्हणतोय. याचाही राग येतो.

कुणाशी भांडू? सगळे मदतच करतायत.

१३ सप्टेंबर
पुन्हा गेले डॉरोथींकडे. पाया पडले. परत द्यायचा काही मार्ग असेल ना? म्हणाल्या, नियम दोन्हीकडून सारखा आहे. म्हणूनच आम्ही भांडं कधी हातात देत नाही, पायरीवर ठेवतो आणि मागे होतो. ती आपण होऊन भांडं घेऊन तुझ्या दारी आली आणि तू आत घेतलंस, तर ती तुझी. पण तिला तू आठवत नाहीस. ती कशाला येईल?

आणि तुलाही ती फार दिवस आठवणार नाही, असंही म्हणाल्या. मायेने म्हणाल्या.

१४ सप्टेंबर
दिसली. त्यांच्या अंगणात, केसांच्या दोन वेण्या घातलेली. हेझल म्हणतात तिला. मी कुंपणापाशी जाऊन भराभर सांगितलं, निळ्या काठाचं भांडं घे आणि माझ्याकडे ये, पिवळ्या दाराचं घर, एकटीच ये. तिने विचारलं, ‘मॅम, आर यू ओके?’

मॅम.

डावीकडच्या कपांच्या कपाटावर, फ्रिजवर, आरशावर चिठ्ठ्या लावल्या. मुलगी भांडं घेऊन आली तर आत घे. तिला आत घे.

१५ सप्टेंबर
बाजारातून आले तर कमिटी घर आवरून गेली होती. यशोधननेच बोलावलं. एकही चिठ्ठी नाही. ओटा चकचकीत. मी ताटली फोडली. एकीने काचा भरल्या.

वही माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती म्हणून वाचली.

१६ सप्टेंबर
लिहून ठेवते, म्हणजे राहील. वरण-भातावर केचप घ्यायची. दात— वरचा, पुढचा. झोपताना माझ्या कानाची पाळी धरून— उजव्या की— तीळ होता. गालावर? जन्म अटलांटात, मार्च. मार्चच. की मे. चालायला उशिरा लागली, मी किती काळजी— नाव इशिता इशिता इशिता इशिता

१७ सप्टेंबर
कपाटात छोटे मोजे सापडले. यशोधन म्हणाला आधीच्या लोकांचे असतील. मी म्हटलं असतील.

मी म्हटलं असतील!

दाराशी बसून आहे. ये ना गं. लवकर ये. मला अजून—

१८ सप्टेंबर
आज बरं वाटतंय. नीट झोप लागली. यशोधन ऑफिसला गेला, चार दिवसांनी हसला.

वही उघडली तर मागची पानं नुसती खरडलेली, तेच ते एक नाव परत परत, शाई फुटलेली. वाचायचा कंटाळा आला. काय त्रागा करत होते मी, देव जाणे. चिडचिड मात्र अजून जात नाही. कशाची तेही कळत नाही.

दारावर थाप. खिडकीतून बघतेय. डॉरोथींकडची ती मुलगी, दोन वेण्यांची. एकटीच आहे. धावत आलेली दिसते. दोन्ही हातांनी पांढरं भांडं छातीशी धरलंय, निळ्या काठाचं. रडतेय की काय?

दाराच्या फटीतून विचारलं, काय आणलंयस? काही नाही म्हणते. भांडं उलटं करून दाखवलं. आत येऊ का विचारतेय, सारखं तेच विचारतेय, मला कानाची पाळी पकडू दे म्हणते, काहीतरीच.

मुलीच्या हाती रिकामं भांडं पाठवतात, काय माणसं आहेत! एवढीही रीत नाही. दहाला माझा कॉल आहे. तिला घरी परत जायला सांगते, भांडं घेऊन जा म्हणावं आणि पुन्हा रिकामं आणू नकोस.