धुळ्यात अडलेले पेन्शनचे काम

लिहून ठेवणार : आधार तोताराम सुरवाडे, वय वर्षे ६४, एस.टी.चा निवृत्त वाहक, राहणार असोदा, तालुका व जिल्हा जळगाव.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा रागाच्या भरात लिहिलेले नाही. राग आहे, पण भर ओसरला आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर माझा, कायद्याची भाषा वकील ज्योत्स्नाताईंची. “मृत्युपत्रात टोमणे मारत नाहीत, काका,” असे त्या दोनदा म्हणाल्या. मेल्यावर मारता येणार नाहीत, तेव्हा राहू द्या, अशी मी त्यांना विनंती केली.

कलम १. मला एचआयव्ही आहे. २०१२ सालापासून आहे. रोज एक गोळी घेतो, दोन वेळा जेवतो आणि मुलापेक्षा लवकर उठतो. औषधाने तो इतका दबला आहे की गेली दहा वर्षे तपासणीत माझ्या रक्तात सापडत नाही. गावाला मात्र तो न तपासताच सापडला असता, म्हणून गावाला सांगितले नाही. ‘कसा आहेस?’ विचारण्याआधी ‘कसा झाला?’ असे विचारणाऱ्यास माझ्या मिळकतीत कसलाही हक्क राहणार नाही.

कलम २. हे मृत्युपत्र पाकिटात बंद राहील. माझ्या मृत्यूनंतरच ते मुलगा प्रशील व सून सविता यांनी उघडावे. त्यांना यातले काही माहीत नाही. कारण लपवत नाही. त्यांची मुलगी मोनाली, वय वर्षे पाच, रोज माझ्या ताटात जेवते. माझ्या भाकरीचा पापुद्रा तिचा, खालची जाड बाजू माझी, अशी आमची वाटणी आहे. तेवढे जाऊ नये म्हणून मी गप्प राहिलो. मी भित्रा आहे असे कोणी म्हटल्यास हरकत घेऊ नये.

कलम ३. राहते घर पत्नी नर्मदाबाई हिच्या हयातीत तिचे, तिच्या पश्चात प्रशीलचे. मी पहिल्यांदा सांगितले ते तिला. तीन दिवस ती बोलली नाही. तिचा स्वतःचा रिपोर्ट चांगला आला, तरी बोलली नाही. चौथ्या दिवशी वरण वाढताना तिने विचारले, “गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर?” त्या एका वाक्यावर मी तेरा वर्षे काढली. गोळ्यांची डबी पिशवीत खुळखुळू नये म्हणून ती तिच्यात कापूस भरते. असोद्यात कापूस मागायला कुठे जावे लागत नाही. घर देऊनही तिचे फिटत नाही, हे मला माहीत आहे.

कलम ४. धाकटा भाऊ जितेंद्र, राहणार सोनगीर, यास कागदी कपांचे एक पाकीट, नग पन्नास. दुसऱ्यांदा सांगितले ते याला, रक्ताचा म्हणून. “भाऊ, हाई मना पोटमाच राही,” असे तो म्हणाला. सोनगीरच्या किल्ल्यावर चढून ओरडला असता, तरी त्याच्या सासरवाडीपर्यंत इतक्या लवकर पोहोचले नसते. पुढे त्याच्या मुलीच्या, डिंपलच्या लग्नात सगळ्यांना काचेच्या कपात चहा आला, मला एकट्याला कागदी कपात. “तुनासाठे नवा शे,” असे वर तोच म्हणाला. माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सर्वांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यावा आणि जितेंद्रला या पाकिटातला कप द्यावा. त्याच्यासाठी नवा आहे, हे सांगायला विसरू नये.

कलम ५. एक लाल फीत, टाचणीसह. एक डिसेंबरला, एड्स दिनाचा, स्टँडवर कार्यक्रम होता. प्रमुख पाहुण्यांनी ही माझ्या खाकी गणवेशावर टोचली, भेदभाव करू नका असे चाळीस मिनिटे सांगितले आणि मंचावरून उतरताना शेजारच्याच्या कानात विचारले, “इथे त्यांच्यापैकी कोणी नाही ना?” मी हाताच्या अंतरावर उभा होतो. फीत पाहुण्यांना परत करावी. पाहुण्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण ते दरवर्षी बदलतात आणि प्रश्न बदलत नाही.

कलम ६. माझी पत्र्याची पेटी व तिकिटाला भोक पाडायचा पंच मोनालीस. पोस्टातली ठेवही तिच्या शिक्षणासाठी. या पेटीसोबत मी जळगाव–धुळे गाडीवर एकोणीस वर्षे फिरलो. जळगावात औषध फुकट मिळते, धुळ्यातही तेच फुकट मिळते. तरी ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून जळगावचा माणूस धुळ्याला जातो आणि धुळ्याचा जळगावला येतो. दोन्ही गाड्या एरंडोलच्या स्टँडवर शेजारी उभ्या राहतात, तेव्हा खिडक्यांतून दोन्हीकडची तोंडे वळतात. कोणाची कोर्टाची तारीख, कोणाची सून बाळंत. एका मावशींची सून माझ्या नोकरीत सोळा वेळा बाळंत झाली. मी तिकीट दिले, सुटे दिले, सुनेची तब्येत विचारली. मीसुद्धा धुळ्याच्या थांब्यात पळत जाऊन औषध आणत असे. निवृत्तीनंतर सबब संपली, म्हणून मी घरी सांगितले की पेन्शनचे काम धुळ्यात अडले आहे. ते आता सहा वर्षे अडलेले आहे. काम सरकारी म्हटल्यावर कोणालाही शंका आली नाही.

कलम ७. प्रशीलला माझे मनगटी घड्याळ व पुढील चार ओळी. बाळा, तू शाळेत विज्ञान शिकवतोस. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा रोग पसरत नाही, हे तू ओसरीवर मुलांकडून दहा-दहा वेळा म्हणवून घेतोस. मी आत बसून ऐकतो. धडा तुला तोंडपाठ आहे, यात शंका नाही. तो तुला पटला आहे का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

कलम ८. माझ्या व शेजारच्या घरामधला तीन फुटी बोळ, ज्यावरून आमचे सतरा वर्षे भांडण आहे, तो शेजारी भिकन जीवराम सपकाळे यास कायमचा. घरच्यांना हे वाचून धक्का बसेल. २०१८ साली ग्रामपंचायतीसमोर सगळे गाव जमले असताना मी भिकनला चोर म्हणालो आणि त्याच्या मेलेल्या बापालाही सोडले नाही. माझा आजार त्याला माहीत होता. एक शब्द बोलला असता, तर माझी ओसरी त्याच दिवशी ओस पडली असती. भिकनने तोंड उघडले, मिटले, आणि तो म्हणाला, “तुनी मोरीनं पानी मना अंगनमा येस, इतलंच मनं म्हननं शे.” मी त्या दिवशी घरी येऊन रडलो. त्याला माझे कसे माहीत, हे कोणी विचारू नये. ते सांगण्याचा हक्क माझा नाही.

स्थळ : असोदा. दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५.

सही : आधार तोताराम सुरवाडे

साक्षीदार १ : कुंदन, वकिलांकडील कारकून. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही.

साक्षीदार २ : मी भिकन जीवराम सपकाळे. मजकूर मी दोनदा वाचला. वकीलबाई म्हणाल्या, बोळ घ्यायचा असेल तर साक्षीदार होऊ नका, पुढे वाद लागतो. मग बोळ नको, सही करतो. ‘लिहून ठेवणाऱ्याशी ओळख कशी’ या ओळीत मी ‘शेजारी’ लिहिलं होतं, ते खोडलं. शेजारी आम्ही सव्वीस वर्षं आहोत, पण ओळख तेरा वर्षांपूर्वी धुळ्याला औषधाच्या रांगेत झाली. त्याचा नंबर पुढे, माझा मागे. “तू आठे कसा?” मी विचारलं. “दाढ दुखस,” तो म्हणाला. “मनी बी,” मी म्हटलं. तवापासून दोघांची दर महिन्याला दुखते. हे माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं लिहिलं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

सही : भिकन सपकाळे

पुरवणी, भिकनची सही झाल्यावर लिहिलेली : भिकनने असे उघड्यावर यावे आणि मी पाकिटात बसून राहावे, हे मला शोभत नाही. सबब कलम २ रद्द समजावे. येत्या रविवारी, १६ तारखेला, हे मृत्युपत्र मी जिवंतपणी प्रशील व सविता यांना स्वतः वाचून दाखवीन. भिकनही येईल. वाचन जेवणाआधी होईल. त्यानंतर नर्मदाबाई पाने वाढील, आणि मोनालीसाठी वेगळे ताट घ्यायचे किंवा कसे, ते तिच्या आईबापांनी तिला माझ्यासमोर सांगावे.

सही : आधार तोताराम सुरवाडे