उरलेलं चांदीचं पाणी

प्रिय अण्णा,

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, म्हणून आज लिहायला बसले. एक गोष्ट तुम्ही असताना बोलायची राहिली. राहिली कसली, टाळलीच मी!

तुमचा डावा कान माझ्यामुळे गेला.

आपल्या थेरगावच्या कारखान्यात काचेचा आरसा करायला तुम्ही चांदीचं पाणी रोज लागेल तेवढंच कालवायचात. अमोनिया घातलेलं ते पाणी उरलं, तर लगेच निकामी करायचं, हा तुमचा नियम. "ठेवलं की त्यात काळे कण धरतात, शैला. नुसत्या धक्क्यानं फुटतात. ओले असले तरी भरवसा नाही." मी मान डोलवायचे. पण त्या शनिवारी अर्धी बाटली उरली. एवढी चांदी वाया घालवायची? माझ्या जिवावर आलं. बाटली फळीवर मागे सारली आणि मोशीला लग्नाला गेले.

सोमवारी तुम्ही ती फक्त उचललीत.

मी दारातच होते. केवढा तो आवाज! कान दाबून तुम्ही खाली बसलात, बोटांतून रक्त येत होतं. तरी ओरडलात ते मलाच, "आत येऊ नकोस! कशाला हात लावू नकोस!"

दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, काच फुटली. मीही तेच सांगितलं. पुढे गिऱ्हाइकं म्हणायची, शेठ हाकेला ओ देत नाहीत, फार चढलेत. तुम्ही हसायचात. मी उठून चहा टाकायचे.

काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. पोरीसमोर विषय काढायचा नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी."

किती रडले, अण्णा! आणि रागही आला. मला सांभाळलंत, पण ते कशानं झालं हे कारखान्यात कुणालाच कळलं नाही. का नाही बोललात?

आज कामावरच्या सुनीतानं उरलेल्या पाण्याला झाकण लावलं. "उद्याला होईल ना, ताई?" मी आधी ते निकामी करायला लावलं, मग तिला बसवून सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. ती म्हणाली, "अन् अण्णा तुम्हाला कधीच काही बोलले नाहीत?"

मी तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं.

यापुढे जो कुणी इथे काम शिकायला येईल, त्याला पहिल्याच दिवशी ही हकीकत सांगेन. बाटली कुणी ठेवली होती, तेही. हा माझा शब्द.

तुमची,
शैला