नाट्यगृहाचं छप्पर

नेपल्स, मंगळवार

प्रिय बाबा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तरी लिहितेय.

मार्चमधल्या त्या रविवारी भर प्रयोगात तुम्ही थांबलात. रंगमंचाच्या पुढच्या कडेखालच्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून मी तेच वाक्य तीनदा सुचवलं. तुम्ही वाकून मला विचारलंत, "बाई, तुम्ही कोण?" चाळीस वर्षं नाटक-सिनेमांतून तुम्ही लोकांना हसवलंत, त्यांना हाही विनोदच वाटला. टाळ्या पडल्या. मी, तुमची मुलगी, मान खाली घालून बसले.

पुढचे प्रयोग मीच रद्द केले. छप्पर गळतंय असं सांगून तुम्हाला प्रोचिदा बेटावर आत्याकडे धाडलं. तुम्ही रोज फोनवर विचारता, "झालं का गं छप्पर?"

काल खरं सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "घाई नको, नुन्झिया. माझं पाठांतर चाललंय."

तुमची,
नुन्झिया