मनवाची काळी चांदी

९ डिसेंबर, सोमवार
आज डायरी सुरू केली. रामदासला बँकेतून मिळालेली, वर्षभर कोरीच पडली होती. फुकट कशाला घालवा. मी चौथी शिकलेय, पण अक्षर माझ्या या लेकापेक्षा बरं आहे.

शुक्रवारपासून दादरला नातीचं, मनवाचं, प्रदर्शन. स्वतःच्या हाताने घडवलेले चांदीचे दागिने. तीन वर्षं चाळीच्या गॅलरीत टेबल टाकून ठोकतेय. पेंडंटवर आमचा कठडा, गिरणीची चिमणी, नळावरच्या बायकांची रांग. त्या रांगेत मीपण आहे म्हणते. रविवारी गिरगावच्या सुरुची मॅडम येणार. फोटो बघून खूश आहेत. पसंत पडलं तर मनवाचे दागिने कायम त्यांच्या दुकानात. नाहीतर जानेवारीपासून ऑफिसात चिकटायचं, असं रामदासने सांगून ठेवलंय.

निश्चय: तिच्या कामात बोलायचं नाही.

१० डिसेंबर
बोलले. थोडंच. ती कसल्या गंधकाच्या पाण्यात चांदी बुडवत होती, नासक्या अंड्यासारखा वास. शेजारची कालिंदी विचारायला आली, काय गो मावशी, तुमच्याकडे काय मेलं? म्हटलं, आर्ट आहे. मनवाला म्हटलं, बाय, चांदी काळी पडेल. तर म्हणते, पडायलाच हवी आजी. टेन्शनमध्ये पोरं अशी उलटी बोलतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार
हॉल एसी. शाल न्यायला हवी होती. एका मुलीने कानातलं उचललं. तिला खरं ते सांगितलं, जरा काळं पडलंय, घरी नेऊन घास. तिने परत ठेवलं. आणखी तिघींना सांगितलं, त्यांनीपण ठेवलं. या पिढीला घासायचा कंटाळा.

मनवा म्हणाली, आजी, तू उद्या घरीच थांब, तुझे गुडघे दुखतात. किती काळजी करते माझी.

आज काही खपलं नाही. पहिल्या दिवशी लोक नुसते बघून जातात.

१४ डिसेंबर
घरी थांबले. गुडघे ठणठणीत आहेत. मनवा दमून आली. दोन कानातली गेली म्हणाली. दोनच. मी नव्हते ना तिथे.

आता दोष माझाच. सणासुदीला देवाची चांदी घासते ती मी, आणि घरची पोर काळा माल घेऊन हॉलमध्ये बसलीय.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी सात
पाचलाच उठले. दागिन्यांचा डबा रोज घरी येतो ते बरं. दंतमंजन, बारीक रांगोळी, जुना ब्रश. एकूण एक नग घासला. काय काळं पाणी निघालं. डबा होता तसा बंद केला. सांगणार नाही. मॅडमच्या समोरच उघडू दे.

संध्याकाळी
हट्ट करून बरोबर गेले. मॅडम आल्या, मनवाने डबा उघडला, आणि तिची बोलतीच बंद झाली. आनंदाने होते तशी. रामदास झाला तेव्हा आमच्या ह्यांची झाली होती.

मॅडमनी एकेक उचलून मोबाइलवरच्या फोटोशी ताडून बघितलं. म्हणाल्या, मी बघितलेलं काम हे नव्हे. मी पुढे होऊन सांगितलं, मॅडम, मी घासलंय, पहाटेपासून बसून. त्या मनवाला हळूच सॉरी म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना चांदीतलं फार कळत नसावं.

मनवाने मला टॅक्सीत बसवलं, ड्रायव्हरला पत्ता सांगितला. स्वतः आली नाही. टेबल सोडून कशी येणार.

१७ डिसेंबर
मनवा परत काळं करायला बसलीय. कालिंदी म्हणते, मावशी, ते मुद्दाम काळं करतात, माझ्या सुनेकडे आहे तसलं. मग आधी नाही सांगायचं? रांगोळीने बारीक रेघा गेल्या म्हणे. कठड्याचे दोन-चार गज राहिलेत. नळावरच्या बायका राहिल्या नाहीत.

म्हटलं, मॅडमचा नंबर दे, मी बोलते. नाही दिला. म्हणाली, आजी, तुझी चूक नाही, मीच सांगायला हवं होतं. हे बाकी खरं.

निश्चय: संक्रांतीला तिळगूळ घेऊन मॅडमच्या दुकानात जायचं. तोवर राग उतरतो माणसाचा.

२५ डिसेंबर
टेबल मोडून माळ्यावर टाकलं. रामदासने हातोड्या गुंडाळून दिल्या. गॅलरीत उजेड आला. कपडे चांगले वाळतात आता.

तिळगुळाचा विषय काढला. मनवा म्हणाली, नको. पुढच्या महिन्यात मी परत विषय काढेन.

२ जानेवारी, गुरुवार
डायरी संपली. मागच्या कोऱ्या पानावर लिहितेय.

मनवा आज ऑफिसला गेली. डब्यात बटाट्याची भाजी दिली, जवळा नाही, तिथे वास नको. नवा कुर्ता. पाया पडली. कानात काही नाही, गळ्यात काही नाही. म्हटलं, अगं, घाल त्यातलं काहीतरी, पहिला दिवस आहे. म्हणाली, राहू दे आजी, उशीर होतोय.

साडेआठ वाजले होते. ऑफिस दहाचं. परळला आहे, चालत पंधरा मिनिटं.