राउटरचा झगा

३ फेब्रुवारी, सोमवार

घेतला! नवा नाही — दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला. यंत्र एकदा बिघडलं म्हणून त्याला कायमचं मोडीत काढू नये, असं माझं मत आहे. माणसांबद्दल अजून ठरलेलं नाही.

दुकानात अडॅप्टरचे व्होल्ट मोजले, प्रत्येक पोर्टमध्ये केबल घालून पाहिली, हवेच्या जाळीला नाक लावून जळका वास येतो का तेही पाहिलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, राउटर घेताय की जावई शोधताय?" मी हसले नाही. रस्त्यावर आल्यावर हसले — एकटीच, खोकं पोटाशी धरून.

कारण निदान इथे तरी लिहावं. शुक्रवारी व्हिडिओवर मुलाखत आहे. अँटेना डिझाइन करण्याची नोकरी! इतकी वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंचा सिग्नल तपासत बसले, आता माझी बनवीन आणि दुसरे तपासत बसतील. ऑफिस मात्र दूरच्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. घरी सांगितलेलं नाही. आई गेल्यापासून घरात बाबा, आत्या आणि मी. नोकरी मिळाली नाही तर दोघांचा जीव उगाच टांगणीला कशाला? आणि मिळाली तर — तेव्हाचं तेव्हा.

जुन्या राउटरचा सिग्नल मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, आणि दार नीट लागतं ती एकच खोली. म्हणून हा.

उत्तरांचा सराव बाथरूममध्ये चालू आहे. नळ सोडून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टूथपिकने रीसेटचं बटण दाबण्याआधी आधीच्या मालकाने नेटवर्कला दिलेलं नाव दिसलं — "स्वतःचं घ्या". बाबा म्हणाले, "पुसू नकोस. घराला शोभतं." मी पुसलं आणि पुन्हा तेच टाकलं. पासवर्डबद्दल त्यांची अट अशी, की चोराला सुचू नये आणि त्यांना विसरता येऊ नये. अर्धा तास घासाघीस करून आम्ही त्यांच्या कारखान्यातल्या पहिल्या लेथ मशीनच्या नंबरावर आलो. जन्मभर त्या मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढली त्यांनी. माझी जन्मतारीख विचारली तर बोटं मोजतात, लेथचा नंबर झोपेत सांगतील.

राउटर दिवाणखान्यातल्या शोकेसवर ठेवला. मागच्या खोलीत सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्या. दार लावून मी एक गिरकी घेतली. साक्षीदार नाही.

आत्याने राउटरवर हात ठेवला. "अगं, अंग तापलंय याचं." म्हटलं, चालू यंत्र गरम होतंच. "तुला काय, तू मोकळी. बिचाऱ्याचं कुणी बघायचं?"

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून आले तर राउटरला झगा!

इथे सांगायला हवं — म्हणजे कुणाला सांगायचंय, पण तरी — आत्याने तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. आता गणवेश घालायला मुलं नाहीत, म्हणून वस्तू आहेत. मिक्सरला झगा, रिमोटला झगा, गॅस सिलिंडरला झालर. आमच्या घरात उघडी राहिलेली वस्तू पाहुणी समजावी.

राउटरच्या झग्यावर पिवळी फुलं. दिव्यांसाठी खिडकी, जाळीसाठी भोकं, दोन्ही अँटेनांना बाह्या. मी नीट तपासलं: हवा खेळते, आणि सुती कापड लहरी अडवत नाही. मंजूर केलं. आत्या म्हणाली, "बघ हं मोजपट्टी, तुझी परवानगी मिळाली म्हणजे बाकी जगाचं मला काही नाही."

रात्री जेवून मागच्या खोलीत गेले. सिग्नल शून्य.

चॅनेल बदलला. आतलं सॉफ्टवेअर ताजं केलं. पुन्हा रीसेट. शेजारच्यांचं नेटवर्क आडवं येतंय का त्याचा आलेख काढला, फार सुंदर आलेख आला, उपयोग शून्य. दिवाणखान्यात बाबांचा बुद्धिबळाचा ऑनलाइन डाव मध्येच अडकला. "माझा वजीर हवेत लटकलाय," ते हाक मारून म्हणाले.

परवा मुलाखत. मी शांत आहे. (नाही.)

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी टाकून सकाळीच दुकानात. झगा घरी ठेवून राउटर तेवढा नेला. भांडणाची मुद्देसूद तयारी होती. दुकानदाराने लावला — आणि हा शहाणा धडधडीत चालला. दुकानाच्या टोकापर्यंत, टोकाच्या पलीकडे, रस्त्यापर्यंत! दुकानदाराने माझ्याकडे, मग राउटरकडे पाहिलं. "ताई, माहेरी एकदम टुणटुणीत आहे. सासरी काय करता त्याला?"

राउटर उचलून घरी आले. शोकेसवर लावला. मागच्या खोलीत सगळ्या काड्या! म्हटलं, तात्पुरता दोष, असे असतात, सर्वांत वाईट तेच. लॅपटॉपकडे बघत उभी राहिले. काड्या भरलेल्या... भरलेल्या... आणि डोळ्यांसमोर एकदम गेल्या.

धावत बाहेर आले. आत्या राउटरला झगा घालून बाह्या सारख्या करत होती.

मी झगा काढून उलटा केला. आतून चंदेरी अस्तर! इस्त्रीच्या टेबलावर घालतात ते, अॅल्युमिनियमचा मुलामा असलेलं. "ताप बाहेर येऊन शोकेसचं पॉलिश जाईल म्हणून लावलं," आत्या म्हणाली. "दोन पदरी आहे."

दोन पदरी.

मी — वायरलेस तपासणीची इंजिनियर, उद्या अँटेनाच्या नोकरीसाठी बसणारी — मी राउटर धातूच्या पिशवीत घालायला परवानगी दिली होती, आणि अख्खी रात्र शेजाऱ्यांवर संशय घेतला. झगा बाहेरून तपासला, आतून नाही. का? कारण या घरात झगा दिसतच नाही. तो असतोच.

मी फरशीवर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्या बाबांना म्हणाली, "ही हसते? ताप मोज हिचा."

अस्तर उसवून दिलं तिने. जरा फुगली होती. "आधी सांगायचंस, लहरींना चंदेरी चालत नाही. मी काय त्यांना ओळखते?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली! एकदाही अडकलं नाही. राउटर पिवळ्या फुलांत, बिनअस्तरचा.

घरी सांगितलं होतं — ऑफिसची मीटिंग आहे, तासभर कुणी नेट वापरू नका. बाबांनी जिंकत आलेला डाव सोडून दिला. "मीटिंग महत्त्वाची," म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं. सकाळीच वाचून झालेलं.

शेवटी विचारलं, तुम्ही शोधलेला सर्वांत अवघड दोष कोणता? प्रयोगशाळेतलं पाठ केलेलं उत्तर तयार होतं. तोंडातून आलं ते आत्याचं अस्तर! मुलाखत घेणारे तिघंही हसले. मग एका बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि यातून तपासणीच्या पद्धतीत काय बदलाल?" त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. मी! अनोळखी माणसांशी!

"इकडे कधी येऊ शकाल?" विचारलं. म्हटलं, "लगेच." आणि दारापलीकडे कुणी आहे का म्हणून उगाच कान दिला. कुणी नव्हतं. शिलाई मशीनचा आवाज येत होता, दूरवरून.

१० फेब्रुवारी, सोमवार

काही नाही. ऑफिसात दर पाच मिनिटांनी मेल उघडते. अशा माणसांना मी हसायचे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निवड झाली. दिवसभर कुणाला सांगितलं नाही. ओठ आवळून बसले होते, नाहीतर तोंडातून सुटलंच असतं. घरी कसं सांगायचं याची चार वाक्यं रस्त्यात तयार केली.

मागच्या खोलीत गेले. माझी मोठी सूटकेस कपाटावरून उतरवून पलंगावर ठेवलेली. तिला झगा. पिवळी फुलं. हँडलला काज, चाकांना मोकळीक, पत्त्यासाठी छोटा खिसा. एका संध्याकाळचं काम नाही हे.

आत्या दारात उभी. विचारलं, माप कधी घेतलंस?

"राउटरचं घेतलं त्याच दिवशी. नळ सोडलास की तू मोठ्याने बोलतेस, बाई. तुझे बाबा पण ऐकायचे."

माझी चारही वाक्यं गेली. मी झगा उलटा करून आत पाहिलं — सवयीने.

"अस्तर नाही लावलं," आत्या म्हणाली. "तुझा सिग्नल इथवर यायला हवा."