एकाच घराण्यातलं औषध

९ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,

आशीर्वाद नेहमीचेच. मागे घेतलेले नाहीत, पण आज हात जरा आखडता आहे. इकडे सगळे ठीक, असं लिहायची सवय लागलीय. ठीक काहीही नाही.

तुझ्या भावजींचा ताप अकरा दिवस झाले तरी उतरत नाही. फुप्फुसात बुरशी आहे. सुट्टीत तुझ्या फुलबागेत आले होते, तेव्हा हौसेने फावडं घेऊन सडक्या पाल्याचा ढीग उपसत होते, आठवतं? मूत्रपिंड बदललेला, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेला माणूस! मी ओरडले, तर तू म्हणालास, "ताई, जरा मोकळा श्वास घेऊ दे त्यांना." घेतला त्यांनी.

परवा फोनवर म्हणालास, "बुरशीच ना? गोळ्या घेतल्या की जाईल." जात नाही, टिल्लू! त्यांची बुरशी मी स्वतः प्रयोगशाळेत वाढवली. तू पाठवलेल्या कुंडीतली मातीही तपासली. दोन्ही प्लेटांत गोळीतलं औषध घातलं होतं, आणि दोन्हीकडे बुरशी हिरवीगार, मजेत. बारा वर्षं तू कंद त्याच घराण्यातल्या औषधात बुडवतोस, उरलेलं ढिगावर ओततोस. का, तर पाकळीवर ठिपका नको! मरायच्या त्या बुरश्या मेल्या. उरल्या त्या आमच्या गोळ्यांना भीक घालत नाहीत. दुकानदार म्हणाला डोस वाढवा, की तू वाढवलास. अरे, कुणाला विचारायचं तरी होतंस!

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं.

विचारलं होतंस. मलाच. पहिला डबा आणलास तेव्हा फोनवर त्याचं नाव वाचून दाखवलंस, आणि मी काम करता करता हसत म्हणाले, "अरे, याचंच भावंड आम्ही रुग्णांना देतो. बिनधास्त वापर." रुग्णांना देतो, म्हणूनच नको म्हणायला हवं होतं. प्रयोगशाळेत वीस वर्षं घासली, आणि हे सुचलं नाही. माझा मलाच संताप येतो.

कालपासून सलाइनमधून दुसरं औषध सुरू आहे. ते मूत्रपिंडावर जड जातं. ते मूत्रपिंड मी दिलेलं आहे, हे तुला सांगायला नको. डॉक्टरांना मातीचं सांगितलंय. माझं ते वाक्य अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

या आठवड्यात तुझे कंद बुडवायचे असतील. बुडवू नकोस. पडू देत ठिपके. रविवारी ये, फुलं न घेता. माझ्या एका शब्दावर बारा वर्षं काढलीस. आता हा दुसराही ऐक.

तुझी,
तेव्हा हो म्हणालेली
ताई